रंगाचा दाणा

दिव्याखाली मी खडा दाखवत नाही. पिवळ्या उजेडात निळा काळवंडतो, गुलाबी उगाच गोड दिसतो, आणि घेणारा सकाळी घरी जाऊन मला शिव्या घालतो. दिव्याखाली गोष्ट मात्र सांगतो. तेव्हा बसा. चहा कोराच आहे, गुळाचा खडा दाढेखाली धरा आणि वर घोट घ्या. लंकेच्या या किनाऱ्यावर, बेरुवळात आमच्या गल्लीत सगळे असाच पितात.

मी शाळेत फारसा गेलो नाही. रंग शिकलो तो बाजारात आणि झाडापानांकडून. निळ्यात गोकर्णीच्या फुलाचा निळा वेगळा आणि मोराच्या मानेचा वेगळा. पिवळ्यात पिकल्या फणसाच्या गऱ्याचा आम्ही वर धरतो, लिंबाच्या सालीचा खाली. जांभळा सकाळी एक बोलतो आणि संध्याकाळी दुसरंच. तुमच्याकडे याला नीलम, त्याला पुष्कराज अशी वेगवेगळी नावं देतात. आमच्या मातीत ही सगळी एकाच आईची लेकरं. त्यांतलं सर्वांत लाडकं म्हणजे पद्मराग. कमळाची पाकळी देठाजवळ जिथे गुलाबी सोडून केशरी व्हायला बघते, तिथला तो रंग. असा एक कच्चा खडा माझ्याकडे आहे. एका टोकाला केशरी, दुसऱ्या टोकाला गुलाबी, मध्ये दोघांचं भांडण. त्याची कुठली बाजू वर काढून माथा द्यायचा हे मला कधी कळलं नाही. कळलं असतं ते एकाच माणसाला.

सिरिनेरिस त्याचं नाव. रत्नपुरापलीकडे निवितिगलकडे जाताना भातखाचरांच्या कडेला त्याचं घर. कमानीनं फिरणाऱ्या उभ्या साणेवर काम करायचा. उजव्या हातात कमान, डाव्या हातात लाखेच्या काडीवर बसवलेला खडा, डावा गुडघा पोटाशी घेतलेला. खर्र पुढे, खर्र मागे. कच्चा खडा आधी तोंडात टाकायचा, जिभेनं ओला करायचा आणि उन्हाकडे धरायचा. मग कित्येक दिवस काहीच नाही. मी म्हणायचो, "अरे, अंडं उबवतोयस का?" तो म्हणायचा, "नाना, कोंबडीला घाई केली तर ती काय देते ठाऊक आहे ना?"

आमच्या निळ्या खड्यांची एक खोड असते. पुष्कळांत रंग सगळीकडे नसतो. खडा पाण्यासारखा पांढरा आणि रंग कुठेतरी एका कोपऱ्यात, मोहरीच्या दाण्याएवढा. कसबी माणूस हा दाणा बरोबर तळाच्या टोकाशी आणून ठेवतो. मग वरून बघाल तर उजेड तळाशी जाऊन रंगात बुडतो आणि सगळा खडा निळा होऊन वर येतो. आडवा धरलात तर नुसतं पाणी आणि खाली तेवढं एक बी. त्यासाठी तळ वाकडा ठेवावा लागला तरी चालतो. सिरिनेरिसचे तळ वाकडेच असायचे, एका बाजूला पोट सुटल्यासारखे. माझ्याच गल्लीतला हनिफा, धंद्यात मुरलेला माणूस, त्याला ते बघवेना. त्यानं एक खडा विजेच्या यंत्रावर देऊन तळ सरळ करून घेतला. बाकी सगळं देखणं झालं. पण सरळ करताना तो दाणाच घासून गेला. पुडी उघडली तर आत पांढरी काच. हनिफा दोन दिवस जेवला नाही आणि महिनाभर माझ्याशी बोलला नाही, कारण मी हसलो होतो.

शेवटचा भेटलो तेव्हा सिरिनेरिसनं माझा पद्मराग जिभेवर घेऊन परत दिला. "हा दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका. आत्ता एक निळा हाती घेतलाय, अर्धा तुटलेला आहे, पण काय रंग आहे म्हणून सांगू! तो झाला की तुमचा."

"कधी?"

"तो झाला की," म्हणाला. आणि त्यानंतर तो नाहीसाच झाला.

एका दुपारी घरातून गेला, परत आला नाही. चौकशा झाल्या. कुणी म्हणालं कोलंबोला बाई ठेवलीय, कुणी म्हणालं लोकांचे खडे घेऊन पळाला. वर्ष उलटलं. त्याची बायको एमलिन धड सवाष्ण नाही, धड विधवा नाही. पांढरं नेसावं तर नवरा मेल्याचा पुरावा नाही. विहारात भिक्षूंना जेवण घालून नवऱ्याच्या नावे पुण्य द्यावं, तर जिवंत माणसाच्या नावे ते कसं द्यायचं? बाजारात गेली की बाया हळूच विचारायच्या, "काय गं, आला का पत्ता कोलंबोहून?" मला माणसांचे भाव समजतात, त्या प्रश्नाचा भाव फार वाईट होता.

एका सकाळी एमलिनचा धाकटा भाऊ विमलसेन रत्नपूरच्या बाजारात माझ्यापाशी आला. चांगला दणकट गडी, खाणी खणणारा. तेव्हा मात्र उतरलेला दिसला. आम्हा व्यापाऱ्यांना इकडे मुदलाली म्हणतात.

"मुदलाली, जरा घरी चला. दाजींचा शेवटचा खडा आहे. तळ फार वाकडा आहे. सरळ करून विकावा म्हणतो, आणि अक्काला माझ्याकडे बलांगोडला घेऊन जावं. ती ऐकत नाही. म्हणते, यहिया नाना म्हणतील तसं."

"सिरिनेरिसचा तळ सरळ करायचा? आधी माझी मान सरळ कर की!"

तो हसला नाही. "बघा तरी," एवढंच म्हणाला.

घर एकटं आहे. पुढे खाचरं, मागे जुन्या खाणींची बुजवलेली जमीन, तिच्यावर नेचे माजलेले. वाऱ्याला ओल्या चिकणमातीचा वास, अन् त्यात खोबरेल तेलाचा. शेजार हाकेच्या अंतरावरही नाही. एमलिननं ओसरीवर पाट ठेवला, पानाचं तबक पुढे केलं. विटलेल्या रंगाचं लुगडं, ज्याला कुठलाच रंग म्हणता येणार नाही असं.

"नाना, आधी ऊन आहे तोवर बघून घ्या," ती म्हणाली.

मी उन्हाकडे पाठ केली, खडा डाव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यात ठेवला आणि काय सांगू... तोंडातलं पान चावायचं राहिलं. मोराच्या मानेचा निळा, पण त्यात मखमल. कडेपासून कडेपर्यंत एकसारखा, कुठे आरपार दिसणारी खिडकी नाही, कुठे विझून झोपलेला कोपरा नाही. हात जरा हलवला की रंग असा पसरायचा जसा झोपेतून उठणारा माणूस आळस देतो. चिमट्यात आडवा धरला. स्वच्छ पाणी. आत एका बाजूला दगडातल्याच रेशमाचा झुपका, पिसासारखा. आणि अगदी तळाशी निळा दाणा. वाकड्या तळाचा एकेक पैलू त्या एका दाण्याची मर्जी राखून घातलेला. तसं काम मी पुन्हा पाहिलं नाही.

"विमल," मी म्हणालो, "या तळाला हात लावशील तर मी तुझा हात तोडीन."

"तुम्ही लोक खड्याचं कौतुक विकताना करता असं ऐकलं होतं."

"आणि घेताना आम्ही जांभया देतो. आत्ता मी दोन्ही करत नाहीये, म्हणून ऐक."

एमलिनच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काही हललं. तिनं आग्रहानं जेवायला थांबवलं. लाल भात, फणसाची भाजी, सुकटीचं कालवण. शेवटी मागच्या दारची केळी आली, लहान, साल पातळ, मधासारखी गोड. मी दोन खाल्ली. विमलसेननं हात लावला नाही.

भुतं रात्री येतात म्हणणाऱ्यानं आमच्याकडची दुपार पाहिलेली नाही. सावल्या पायाखाली शिरतात, पाखरं बंद होतात, खाचरातलं पाणीसुद्धा श्वास धरल्यासारखं असतं. ओसरीवर जरा आडवा झालो होतो. तेवढ्यात आवाज आला. खर्र... आणि थोडं थांबून, खर्र...

मला वाटलं, शेजारी कुणीतरी साणेवर बसलं असेल. मग आठवलं, शेजारी नाहीच.

जाण्याआधी पुन्हा एकदा खडा बघावा म्हणून उठलो. तो मेजावर कागदावर, तोंड खाली आणि तळ वर असा मीच ठेवला होता. उचलून वरून बघितला. अर्धा खडा विझलेला. एका बाजूला निळा, दुसरी बाजू पांढरीफटक. वाटलं, दुपारचं ऊन वाईट, त्यानं होतं कधी कधी. आडवा धरला. दाणा तळाशी नव्हता. वर कमरेजवळ, एका कडेला जाऊन चिकटला होता.

खडा बदलला, हा धंद्यातला पहिला विचार. पण आतला रेशमाचा झुपका तोच होता, तिथेच होता. खडा तोच. आणि खड्यातला रंग हलत नाही हो! तो दगड झाला तेव्हाच तिथे बसलेला असतो. आपण हलतो, ऊन हलतं, तो नाही.

"तुम्हालाही दिसलं ना..." एमलिन दारात उभी होती. आवाज इतका हळू, की आधी मला वाटलं मनातच ऐकतोय. "सकाळी जागेवर असतो. ऊन डोक्यावर आलं की वळतो."

"कुठे वळतो?"

"ठेवा खाली. कसाही ठेवा."

मी तो परत कागदावर ठेवला, तोंड खाली करून. मग कागद हळूच फिरवला, दाणा ओसरीकडे येईल असा. आम्ही दोघं बघत उभे राहिलो. हलताना काही दिसलं नाही. पण पापणी लवली आणि पुन्हा बघितलं, तर दाणा मागच्या दाराकडे. मी कागद पुन्हा फिरवला. पुन्हा मागच्या दाराकडे. झोपलेल्या माणसाच्या पापणीखाली बुबुळ सरकतं, तसा.

"आणखी एक आहे, नाना," ती म्हणाली. "हे गेले त्या दिवशी मी हा खडा लाखेवर पाहिला होता. माथा झाला होता. तळ... तळ कच्चाच होता."

"मग तळ कुणी घातला?"

"खोलीला कुलूप होतं. पुढे कितीतरी दुपारी आत साण चालायची. मी कान झाकून चुलीपाशी बसायचे. वाटायचं, लोक म्हणतील बाई वेडी झाली. मग एके दिवशी आवाज थांबला. उघडून पाहिलं तर हा झालेला, आणि साण ओली."

मी त्या तळाकडे पाहिलं, ज्याचं सकाळी तोंड भरून कौतुक केलं होतं. खरं सांगतो, भीती वाटली. पण कौतुक तसूभर कमी झालं नाही. तसा हात एकाचाच होता.

मागून विमलसेन आला. "उजेडाचा खेळ आहे. मुदलाली, सरळ करून टाका म्हणतो ना मी. तो दाणा गेला की सगळं शांत होईल."

"दाणा गेला की?" मी म्हणालो. "तू तर म्हणत होतास, तळ वाकडा आहे म्हणून."

एमलिननं केळीचं एक पान तोडून आणलं आणि खडा त्यावर तोंड खाली ठेवून माझ्या हातात दिला. "चला," ती म्हणाली. कुठे, ते मी विचारलं नाही.

मागच्या दारानं उतरलो. मी पुढे, पान तळहातांवर, ती माझ्या खांद्याशी. वाट डावीकडे वळली की दाणा उजवीकडे सरकायचा. आम्ही उजवीकडे वळलो की तो पुढे यायचा. नेच्यांतून गेलो, बुजवलेल्या खाणींच्या खळग्यांना वळसे घालत. वाऱ्याची झुळूक नव्हती, तरी ओल्या मातीचा वास वाढत होता. केळीच्या बनापाशी आलो. ताजं, तेजदार बन, इतर झाडांपेक्षा हातभर उंच. जेवताना खाल्लेली केळी इथलीच हे मला कळलं आणि घशाशी गोड आलं.

बनात शिरलो. पान खाली टेकवलं. वाकून आडवं पाहिलं. दाणा आता कुठल्याच कडेला नव्हता. सगळं पाणी ओलांडून खाली उतरला होता आणि खड्याच्या तोंडापाशी, पानाला टेकून थांबला होता. सरळ खाली बघत.

"इथेच," एमलिन म्हणाली.

मागे धप्पकन आवाज झाला. विमलसेन गुडघ्यांवर बसला होता.

"अक्का... मला वाटलं भैरव आहे."

"काय म्हणतोस?"

"खाण रिकामी झाली होती. पावसाआधी बुजवायची होती. आम्ही जेवून आलो आणि माती लोटायला लागलो. अर्धी भरल्यावर खालून आवाज आला. लाकडावर दगड मारल्यासारखा. ठक... ठक... अक्का, तुला ठाऊक आहे, खाणीच्या तोंडाशी कुणाचं नाव घेत नाहीत. खालून ठोकलं तर ओ देत नाहीत. जमिनीतल्या धनाचा राखणदार भैरव आपली ठेव मागतो, त्याला ओ दिली तर तो माणूस मागतो. लहानपणापासून बाबांनी हेच शिकवलं. म्हणून आम्ही... आम्ही हात भरभर चालवले."

"आणि संध्याकाळी ते घरी आले नाहीत तेव्हा?"

"तेव्हा मनात आलं. पण तोवर पाऊस लागला होता."

मी वाट पाहत होतो की ती त्याला मारेल. तिनं एवढंच विचारलं, "किती वेळ ठोकत होते?"

त्यानं दोन्ही हात मातीत रोवले. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मी हा खडा विकायला बसनं घेऊन निघालो होतो. घाटात बस वळायची, आणि प्रत्येक वळणाला पुडीत हा मागे वळायचा. घराकडे. मी अर्ध्यातून उतरून परत आलो."

एमलिननं तिथेच, त्या केळीखाली, मातीला तोंड लावलं आणि सगळे रिवाज मोडून नवऱ्याला नावानं हाक मारली. मोठ्यानं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. वर्षभर जी हाक कुणी मारली नव्हती ती.

दुसऱ्या दिवशी गावचा अधिकारी आला, माणसं आली, केळी तोडली, खाण उपसली. आडव्या भुयाराच्या तोंडाशी तो सापडला. तुटलेल्या खड्याचा उरलेला अर्धा शोधायला, सगळे जेवायला गेले असताना उतरला असणार. चिकणमाती चांगल्या वस्तू राखते. तिनं त्याला राखलं होतं. बसलेला होता. पाठ खांबाला, डावा गुडघा पोटाशी, डावा हात पुढे, बोटं जुळलेली, आणि उजवा हात लांब, कमान ओढावी तसा. डाव्या बोटांच्या नखांत पांढरट चिखल होता. त्या भुयारात सगळी माती काळी. मी वाकून तो चिखल बोटावर घेतला, बोटांत चोळला. आयुष्यभर चोळत आलोय, मला कुणी शिकवायला नको. खडा घासताना साणेवर जमते ती खळ होती, आणि ओली होती.

एमलिन पांढरं नेसली. विहारात भिक्षूंना जेवण घातलं, सगळं गाव पंगतीला बसलं, आणि ज्या बाया कोलंबोचा पत्ता विचारायच्या त्याच भांडी घासायला पुढे आल्या. विमलसेननं खाणकाम सोडलं. आता तो बहिणीच्या घरामागची जमीन कसतो. ती त्याच्याशी बोलते, पण जेवताना त्याच्या ताटात वाढून उठून जाते.

निघताना तिनं तो निळा माझ्या हातात ठेवला. "हा तुम्हीच सांभाळा, नाना. मला आता ते सापडले. फक्त कुणाला सरळ करू देऊ नका."

मी तो विकला नाही. पुष्कळांनी मागितला, हनिफानं तर शपथेवर मागितला. शिसवी डबीत कापसावर ठेवलाय. दाणा तळाशी आहे, सकाळी, दुपारी, कधीही बघा. निवांत. मी दर शुक्रवारी नमाजानंतर उघडून वरून बघतो, पोट भरेपर्यंत बघतो आणि मिटून ठेवतो.

तुम्ही मघापासून विचारताय ना, तो पद्मराग का दाखवत नाही? सांगतो. तोही त्याच डबीत ठेवलेला. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा नव्हता, तसा शब्द होता. परवाच्या शुक्रवारी डबी उघडली तर कापूस ओला होता, आणि त्यावर पांढरट खळ. आमच्या घरात साण नाही. या गल्लीत कमान ओढणारा माणूस आता उरलेला नाही.

पद्मरागाला माथा दिलेला होता.

मी तो उन्हात नेला. काय सांगू तुम्हाला... जी दिशा मला इतक्या वर्षांत सापडली नाही, ती त्याला सापडली होती. केशरी आणि गुलाबी यांचं भांडण मिटलं होतं. देठाजवळची पाकळी जशीच्या तशी. मी तिथेच बसून रडलो, भीतीनं का आनंदानं, मला सांगता येणार नाही.

कडेचे पैलूही आता पडायला लागलेत. दुपारी डबीपाशी कान नेला तर ऐकू येतं. तळ अजून कच्चा आहे. तो पुरा झाला की सगळ्यांत आधी तुम्हाला बोलावीन, सकाळच्या उन्हात, वरून बघायला. आडवा मात्र धरू नका. त्यात दाणा आहे की नाही, आणि असला तर तो कुणीकडे वळलाय, हे मला बघायचं नाही.